पाणी मुद्द्याचं नाही

९ ऑक्टोबर

आत्या,

वाकून नमस्कार, पण लांबूनच. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र.

चष्म्याच्या दुकानातून सुटल्यावर मी संध्याकाळी जाते कुठे, असं तू विचारलं होतंस. तुझा रोख मला कळला. तसलं काही नाही. इथे आमच्या गल्लीत एक मंडळ आहे. सीमेपलीकडून जीव मुठीत धरून आलेली माणसं सरकारकडे आश्रय मागतात. त्यांचा निकाल लागेपर्यंत त्यांना घर लावून द्यायचं, दवाखाना आणि दुकानं दाखवायची, कचेरीत सोबत जायचं, असं मंडळाचं काम. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मेट्रन. त्या सूचना देतात. बसकाका म्हणजे निवृत्त बसचालक. ते सामान आणि माणसं वाहून नेतात आणि गाडीत तिघं बसली तरी "पुढे सरका, पुढे सरका" म्हणतात. मी सगळ्यात लहान. म्हणून उरलेलं सगळं मी करते.

ह्या वेळी एक सासू आणि सून आल्या आहेत. बंद पडलेल्या हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या. लोकांनी सामान दिलं, पण काय दिलं? किटल्या ढीगभर, उशी एकही नाही. सासूबाईंनी ओट्यावरच्या किटल्यांकडे बघून मला विचारलं, "ह्या शहरात सगळे चहाच पितात का ग? झोपत नाहीत?" त्यांना मी आजी म्हणते. त्यांचं माहेर सीमेच्या अलीकडचं, त्यामुळे आपली भाषा त्यांना चांगली येते आणि त्यांनी ती सुनेलाही शिकवली आहे.

सुनेला मी ताई म्हणते. ती तिकडे रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. निकाल लागेपर्यंत तिला इथे नोकरी करायला परवानगी नाही. म्हणून ती खिडक्या पुसते. पुसलेल्या पुन्हा पुसते. तिच्या चेहऱ्यावर काही नसतं. दुःख नसतं असं मी म्हणत नाही, दिसत नाही एवढंच. जे द्याल ते घेते, "आभारी आहे" म्हणते, जागेवर ठेवते.

आता अडचण. तिला इथे राहू द्यायचं की परत पाठवायचं, हे तिच्या जबाबावर ठरणार आहे. नवऱ्याला घरातून नेलं, तो परत आला नाही. नंतर तिच्याकडे माणसं येऊ लागली. परत गेल्या तर दोघींचं काय होईल, हे कोणी मोठ्याने बोलत नाही. पण ती सांगायला बसली की पाण्यापासून सुरू करते. बादलीत चादर भिजत होती, नळ तसाच सुरू राहिला, पाणी जिन्यात गेलं, खालची शेजारीण भांडखोर. दार वाजलं, तर तिला वाटलं शेजारीणच आली. मग एकदम ट्रकमधला प्रवास. मग तिचं लग्न. मग परत बादली. आजी खोलीत आल्या की गप्पच होते. जबाब लिहून द्यायचा आहे आणि मग त्यावर सुनावणी. अध्यक्षबाईंनी हे काम माझ्यावर टाकलं आहे, कारण माझं अक्षर चांगलं. ते वळण तू लावलंस. आता पुढचंही सांग, ह्याला आकार कसा देऊ?

तुझी,
शंकासुर

१८ ऑक्टोबर

शंकासुरास आशीर्वाद, आणि "तुझा रोख मला कळला" ह्याबद्दल एक चापट.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता भिंतीवरचे डाग स्पष्ट दिसतात. आधीचंच बरं होतं. तुझे बाबा ठीक आहेत. म्हणजे जेवतात आणि बोलत नाहीत.

तू मला नवीन काहीच विचारलेलं नाहीस. तुला शाळेत न घालता मी घरी शिकवत होते, तेव्हा रोज संध्याकाळी आपण काय करायचो? आजचा दिवस सांग. सकाळपासून. उड्या मारायच्या नाहीत. एका वाक्यात एक गोष्ट. मुद्द्याचं नसेल ते बाजूला. तू तेव्हा अशी बोलायचीस की ऐकणाऱ्याला धाप लागावी, आणि पुढे पाचवीत थेट शाळेत गेलीस तेव्हा हेडमास्तर म्हणाले, ही मुलगी साक्ष दिल्यासारखी बोलते. तेच तिला शिकव. साहेब लोकांना दिवसभर असल्या हकिकती ऐकायच्या असतात. त्यांना बादली कशाला हवी?

उशा मी पाठवते आहे. कापूस नवा आहे.

आत्या

२० नोव्हेंबर

आत्या,

उशा पोचल्या. आजींनी दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "ही आत्या माणसात आहे."

तुझी रीत लागू पडली. आम्ही रोज संध्याकाळी बसलो. मी ताईंना सांगितलं, सकाळपासून सुरू करा. त्या म्हणाल्या, "सकाळी मी बादली..." मी म्हटलं, "ताई, पाणी मुद्द्याचं नाही. कोण आलं, किती जण होते, काय म्हणाले, कुणाला नेलं, एवढंच." त्यांनी मान हलवली. "बरोबर. पाणी मुद्द्याचं नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा बादलीपाशी अडल्या. मी पुन्हा तेच म्हटलं. मी रागावले नाही आत्या, हे तुला सांगायला हवं. मी एकदाही आवाज चढवला नाही.

आता त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता सांगतात. "दुपारी चार माणसं आली. त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव विचारलं. त्यांनी त्याला खाली नेलं. तो परत आला नाही." आधी त्या नवऱ्याच्या नावाशीच अडकायच्या. आता अडकत नाहीत. मला मास्तरीणबाई म्हणतात. काल मी शाबास म्हटलं तेव्हा किंचित हसल्यासुद्धा. हसल्या म्हणावं का, ह्याची मला खात्री नाही. ओठ हलले.

आजी मात्र कुरकुरतात. "किती वेळा वदवून घेशील तिच्याकडून? पोपट आहे का ती?" मी म्हटलं, "आजी, साहेबांसमोर गोंधळ नको व्हायला." त्या म्हणाल्या, "गोंधळच झाला होता ग तेव्हा." आणि उठून आत गेल्या.

जबाब सुवाच्य अक्षरात लिहून दिला. सुनावणी जानेवारीत. मी सोबत जाणार. सोबत जाणाऱ्याने मागच्या खुर्चीवर बसायचं आणि बोलायचं नाही, असा नियम आहे. तो मी पाळेन.

तुझी,
शंकासुर

२ डिसेंबर

पोरी,

छान. मेहनतीला फळ येईल.

एकच विचारते. ती हे सगळं सांगते तेव्हा कुठे बघते? तू भिंतीकडे बघायचीस.

थंडी वाढली आहे. बाबांचा स्वेटर उसवला, तोच घालतात.

आत्या

२१ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

इथेही थंडी आहे. आजींच्या खोलीच्या खिडकीची कडी तुटली होती. बसकाकांनी तार गुंडाळून बसवली, आता खिडकी बंद राहते पण उघडत नाही. पडदे लांबीला कमी पडले, त्यांना खाली पट्टी जोडली. पट्टीचा रंग थोडा वेगळा आहे. दुकानात ह्या आठवड्यात गर्दी होती. मी तक्त्याजवळ उभी राहते, लोक अक्षरं वाचतात, एका गृहस्थांनी पाठ करून आणलेली म्हणून दाखवली. मी तक्ता बदलला.

सुनावणी झाली.

बाबांच्या स्वेटरसाठी लोकर पाठवते.

तुझी

४ फेब्रुवारी

शंकासुर,

हे पत्र आहे की हवामानाचा अंदाज? कडी, पडदे, पट्टी. "सुनावणी झाली." एवढंच? आणि खाली "शंकासुर" लिहायचं राहिलं की लिहवलं नाही?

मी म्हातारी झाले आहे, बावळट नाही. कोण आहे तो? बसकाकांचा कोणी भाचा आहे का? असेल तर सांग, मी काही आकाशपाताळ एक करणार नाही. बसचालकाच्या घरचा मुलगा निदान वेळेवर येईल. का तुझी तब्येत बिघडली आहे? लहानपणी ताप आला की तू अशीच मुद्देसूद व्हायचीस.

लोकर आली. रंग चुकला आहे. तरी विणते.

आत्या

१९ फेब्रुवारी

आत्या,

तो कोणी नाही. ताप नाही. नीट सांगते.

सुनावणीची खोली लहान होती. टेबल, पलीकडे अधिकारी, कोपऱ्यात टाइप करणारी मुलगी, अलीकडे ताई, आणि मी मागे. आजी बाहेर बाकावर. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने ताईंना पाणी दिलं. मग म्हणाला, सांगा. ताईंनी सांगितलं. एकही अडखळ नाही. मी मागे बसून ओठातल्या ओठात त्यांच्याबरोबर म्हणत होते. म्हणजे मला ते पाठ होतं, आणि त्यांनाही.

तो समोरच्या कागदावर बोट फिरवत होता. त्यांचं संपल्यावर म्हणाला, "तुम्ही जबाबात लिहिलंय त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही." ताई म्हणाल्या, "आभारी आहे." त्यांना वाटलं, त्याने शाबास म्हटलं.

मग तो म्हणाला, "सीमेवर पहिल्या दिवशी तुम्ही काहीतरी पाण्याबद्दल बोलला होतात, असं इथे आहे. असंबद्ध, असा शेरा आहे. ते पाणी आता कुठे गेलं?"

ताई म्हणाल्या, "पाणी मुद्द्याचं नाही."

माझ्या आवाजात म्हणाल्या आत्या. माझ्यासारखा हात करून.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ताईंनी मागे वळून पाहिलं नाही. वळल्या असत्या तर मी पकडली गेले असते, हे त्यांना कळलं असावं. त्या गप्प बसल्या. त्याने पुन्हा विचारलं. त्या गप्पच. मी बोलायचं नाही असा नियम होता. मी नियम पाळला.

निकालात लिहिलं आहे: कथन पाठ केलेले वाटते, प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळले, अर्ज फेटाळण्यात येत आहे. निकालाचा कागद हातात आल्यावर ताईंनी विचारलं, "माझं कुठलं वाक्य चुकलं, मास्तरीणबाई?"

अपील करता येतं. एप्रिलमध्ये आहे, आणि ते शेवटचं. तिथे तीन अधिकारी बसतात. मी अध्यक्षबाईंना म्हटलं, मी तिथे उभी राहून सांगते की मी शिकवलं. त्या म्हणाल्या, "आणि मग? मंडळाची माणसं पढवतात असं झालं, तर आपल्याला सुनावणीच्या दारात उभं करणार नाहीत. पुढे येणाऱ्यांनी एकट्याने जायचं? दोघींसाठी दहा जणांचा दरवाजा बंद करायचा का?" त्यांचंही चुकीचं नाही. बसकाका किल्ली फिरवत बसले होते.

मी ताईंकडे गेले. म्हटलं, माझं सगळं विसरा, पहिल्यांदा सांगितलंत तसं सांगा. त्यांनी प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "बादली होती हे माहीत आहे. पण कुणी दुसऱ्याने सांगितल्यासारखं माहीत आहे. मला आता तुमचंच येतं."

मला काहीच वाटत नाही आत्या. ही तक्रार नाही. मी दुकानात जाते, परत येते, भांडी घासते. बधिर झालेल्या हाताला हात लावल्यासारखं आहे, आणि तो हात माझाच असावा. हे आधीच लिहायचं होतं. तुझी रीत होती म्हणून लिहिलं नाही. तुला लागेल असं वाटलं.

शंकासुर

२७ फेब्रुवारी

पोरी,

लागलं. लागू दे. मला अजून लागतं हेच पुष्कळ झालं.

तुला ती रीत मी कशासाठी लावली, ते तुला माहीत नाही. तुला वाटतं अभ्यास होता. तुझी आई गेली तेव्हा घरात तिच्याजवळ तू एकटीच होतीस. बाबा कामावर. मी संध्याकाळी आले. त्यानंतर जो येईल त्याला तू ते सांगायचीस. दूधवाल्यालासुद्धा. मधूनच सुरू करायचीस, मागे जायचीस, पुढे जायचीस, आणि सांगता सांगता श्वास कोंडून निळी पडायचीस. तुझे बाबा उठून बाहेर जायचे. आलेली माणसं पदराने डोळे पुसायची आणि पुन्हा येत नव्हती. मी एकटी, हातात घर आणि तू. तेव्हा मी तुला मांडीवर घेऊन चार वाक्यं करून दिली. सकाळ झाली. आई आजारी होती. आई झोपली. आई गेली. उड्या मारायच्या नाहीत. तू ती शिकलीस, आणि तुझं रडणं थांबलं. मग बाकीच्या दिवसांनाही तीच रीत लावली, म्हणजे तुला त्या एका दिवसाचं वेगळं वाटू नये.

मी काही वाईट केलं असं मी म्हणणार नाही. पोर जगवायची होती. पण ती रडू थांबवायची रीत आहे, खरं पटवायची नाही. तू उपाय विचारलास आणि मी हाताशी होता तो दिला.

आता नीट ऐक. त्या बाईचं पहिलं सांगणं तिच्याकडे राहिलेलं नाही. सीमेवरच्या साहेबाने एका शेऱ्यात उडवलं. मग ते उरलं कुणाकडे? तुझ्याकडे. तूच ते एक एक तुकडा उचलून बाजूला ठेवलंस, त्यामुळे कुठला तुकडा कुठला होता हे तुलाच ठाऊक. जा आणि सांग. क्रम लावू नकोस.

अध्यक्षबाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, दहा जणांचा दरवाजा उघडा ठेवायचा तो ह्या दोघींना बाहेर काढण्यासाठी का?

आत्या

२४ एप्रिल

आत्या,

नुसती चादर नव्हती. शर्टही होता.

अपील झालं. तू क्रम लावू नकोस म्हणालीस, तरी थोडा लावते, नाहीतर मलाच सापडणार नाही.

अध्यक्षबाई आल्या नाहीत. बसकाका आले. म्हणाले, "मी फक्त गाडी चालवतो बाई, माझं काही मत नाही," आणि आत येऊन माझ्या शेजारी बसले. ह्या वेळी आजींनाही आत बसू दिलं. टेबलापलीकडे तिघं, मधे चष्मा लावलेल्या बाई. त्यांच्या चष्म्याची एक काडी वाकडी होती. मला ती सरळ करून द्यावीशी वाटत होती, सतत.

ताईंनी सांगायला सुरुवात केली. "दुपारी चार माणसं आली." तेच. मी उभी राहिले. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, सोबतीला आलेल्यांनी बसावं. मी म्हटलं, "हे मी शिकवलं आहे. मागच्या वेळी त्या गप्प बसल्या त्या माझ्यासाठी. पहिल्यांदा त्यांनी मला सांगितलं ते असं नव्हतं. मला ते आठवतं. त्यांना आठवत नाही, तेही माझ्यामुळेच." त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाई म्हणाल्या, बोला.

मी बोलले. बादलीपासून. नळ सुरू राहिला ते, जिन्यातलं पाणी, खालची शेजारीण, मग ट्रक, मग त्यांच्या लग्नात वीज गेली होती ते, मग पुन्हा बादली. जसं मधेच तुटायचं तसं मी तोडलं. माझा आवाज सपाट होता, तक्ता वाचल्यासारखा. मी म्हटलं, "बादली हिरवी होती, तीत चादर भिजत होती..."

"शर्ट," ताई म्हणाल्या.

मी थांबले.

"चादर आधी होती. मग मी त्यात त्याचा शर्ट टाकला. त्याच पाण्यात. साबण वाया जाऊ नये म्हणून." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या तिघांकडेही नाही. आपल्या हातांकडे बघत होत्या. "दार मी उघडलं. मला वाटलं खालची बाई. मी न बघताच म्हटलं, माफ करा, बंद करते. आणि मी आधी नळ बंद करायला गेले. ते दारात उभे होते आणि मी नळ बंद करत होते. परत आले तर ते त्याला जिन्यातून नेत होते. पाण्यात पाय पडत होते. तो बनियनवर होता. शर्ट मी भिजवला होता ना. नाहीतर म्हटलं असतं, थांबा, शर्ट तरी घालू द्या. तेवढा वेळ तरी थांबले असते."

मग आजींचा आवाज आला. आजींना हे कधीच माहीत नव्हतं, दार कुणी उघडलं ते.

"कुठला ग? पांढरा?"

"हो. पांढरा."

"त्याचं एक बटण तुटलं होतं."

"लावणार होते मी, आई. वाळला की लावणार होते."

"मला द्यायचास. मी लावलं असतं," आजी म्हणाल्या.

बसकाका रुमालात खोकले. टाइप करणारी मुलगी थांबली होती. चष्मेवाल्या बाईंनी तिला हळूच हाताने सांगितलं, हेही घ्या. मग ताई बोलतच राहिल्या. कुठून कुठे. त्यांना कोणी अडवलं नाही.

निकाल परवा आला. दोघींना राहायची परवानगी मिळाली. ताई आता नोकरी करू शकतात.

मंडळाने मला काढलं नाही, पण सुनावणीला जायचं नाही आणि जबाबाच्या कामाला हात लावायचा नाही, असं ठरलं. अध्यक्षबाईंनी स्वतः घरी येऊन सांगितलं. जाताना म्हणाल्या, "मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला विचारू नकोस." मी विचारलं नाही.

निकाल कळल्यावर मी धावत तिथे गेले. म्हणजे चालत, पण भरभर. दार आजींनी उघडलं, वीतभरच. आतून ताईंचा आवाज येत होता. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, मोठा, घोगरा, न थांबणारा. मी म्हटलं, "आजी, मी आत येऊ?" त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. त्यांचा हात ओला होता. म्हणाल्या, "आज नको पोरी. आज आम्हाला दोघींना काम आहे." आणि दार लावून घेतलं. रागाने नाही. आपण उकळतं काही चुलीवर असताना लावतो तसं.

मी जिन्यात उभी राहिले. मग दुकानात गेले. तक्ता धरला. मला आनंद व्हायला हवा होता. अजूनही काही होत नाही.

आत्या, ती चार वाक्यं मला आठवतात. त्याच्या आधीचं काहीच नाही. तू दारातून आत आलीस तेव्हा मी तुला पहिल्यांदा काय सांगितलं होतं? तुला आठवत असेल तर लिही. मुद्द्याचं नसलेलंही.

तुझी,
शंकासुर

३ मे

पोरी,

आठवतं. विसरता आलं नाही, म्हणून तर घाईने चार वाक्यं केली.

माझ्या हातात पिशवी होती. ती खाली ठेवायच्या आत तू सुरू झालीस. म्हणालीस, खिडकीत मांजर येऊन बसलंय आणि आईने त्याला हाकललं नाही. म्हणालीस, मी तिला हलवलं नाही, तीच म्हणाली होती हलवू नको, आत्ता डोळा लागलाय. मग म्हणालीस, मी बिस्किटं खाल्ली. सगळी. तिला विचारून खाल्ली. ती नाही म्हणाली नाही. मग पुन्हा मांजर. म्हणालीस, मी तिच्या पायांवर पांघरूण घातलं तरी ते गारच, आत्या तुझे पाय गार आहेत का, दाखव. आणि तू खाली बसून माझ्या पायांना हात लावलास. मग म्हणालीस, मी आवाज केला नाही, दिवसभर. मी किती शहाणी.

हे इतकं आहे. आणखीही आहे, पण आज एवढंच लिहवलं. चुकत असेन तर टोक.

इथवरचं पत्र मी तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. दाखवावं की नाही असं झालं होतं. ते ऐकून आत निघून गेले, नेहमीसारखे. मी भांडी आवरत होते. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मांजर नव्हतं. कबूतर होतं. मला पोरीने कबूतरच सांगितलं होतं."

मी म्हणते मांजर. ते म्हणतात कबूतर, आणि ऐकायला तयार नाहीत. सकाळपासून आमचं भांडण चाललं आहे. इतकं ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

काय होतं, ते तू सांग.

आत्या